आतडं कापायचं तर पानी लागतं

औंदाच्या दुष्काळात सारा गाव वाळून काटकी झालाय, आन मी तेवढी फुगत चाललेय. खडी फोडायच्या कामावर गेले तर बाया म्हनायच्या, "गोजरबाईनं घरात ज्वारीची कनगी दडवलीया." दडवलीया म्हनं! अर्ध्या भाकरीवर उठते मी. पर कुनाकुनाचं तोंड धरनार? आडवं झालं की जीव कोंडतो, बसूनच झोपते. नेवाशाच्या डॉक्टरचा काटा पुरला न्हाई, तर आडत्याच्या काट्यावर पोत्यावानी उभं केलं मला. मग म्हनाला, काळीज थकलंय, असंच ऱ्हायलं तर वरीस निघनं अवघड. माझी धाकटी अजून अंगावर पितीया. मला न्हाई मरायचं!

त्यानंच पुन्याच्या मोठ्या डॉक्टरचं नाव दिलं. तो आतडं कापून आखूड जोडतो, मग खाल्लेलं अंगी लागत न्हाई.

यष्टीत मी मालकांना बजावलं, "डॉक्टर काय बी इचारू दे, व्हय म्हना. लई शानपना करू नगा."

डॉक्टरनं मला तपासलं. म्हनाला, "ऑपरेशननंतर जुलाब होतील, महिनोन्‌महिने. सारखं पाणी प्यावं लागेल, नाहीतर जीव जाईल. घरी पाणी भरपूर आहे ना?"

"व्हय," मीच म्हनले. "हीर हाय आमची."

त्यानं मालकांकडं बघितलं. मालकांनी मान खाली घातली.

"हीर कोरडी हाय सायेब. टँकर येतो, तो बी कवा येतो, कवा न्हाई. घरात सा मानसं आन दोन हंडे."

"मग मी हात लावणार नाही. पाऊस झाला की या."

पाया पडाया वाकता येईना, म्हनून हात जोडले, लेकराची शपथ घातली. डॉक्टरनं न्हाईच म्हनलं.

भाईर बाकड्यावर बसले आन मालकांवर तुटून पडले. "एवढं एक खोटं बोलता आलं न्हाई तुमाला?"

"गोजरे, टँकरपाशी डोकी फुटत्यात. हंडा मलाच आनायचाय. तू तहानलेली, लेकरं तहानलेली. पयला तांब्या कुनाला दिऊ, सांग की. तुला माझ्या हातानं मारायची न्हवती गं."

"आन आता? आता कुनाच्या हातानं मरू?"

मालक दवाखान्याच्या दारात उभे ऱ्हाऊन लहान पोरावानी रडाया लागले. मला बी रडाया येत हुतं. पर रडलं की दम लागतो, म्हनून नुसती बसून ऱ्हायले.