तीन बोटं

भाऊ कुणालाही संघात घेण्याआधी आ करायला लावायचे. मग म्हणायचे, "आता तीन बोटं उभी घाल." मधली तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये गेली, तर उद्यापासून मैदानावर यायचं. नाही गेली, तर घरी. मुलगा कितीही तगडा असला तरी भाऊ ऐकत नसत.

भाऊ म्हणजे माझे वडील, नामा भोईर. दिवसा भिवंडीत लूमच्या कारखान्यात शिफ्ट बघायचे आणि संध्याकाळी कोन गावात कबड्डी शिकवायचे. ही परीक्षा त्यांनी नवशाकाकांनंतर सुरू केली. नवशाकाका त्यांचे जोडीदार. त्यांची चढाई बघायला शेलार गावापासून माणसं यायची. चाळिशीत गुटख्याच्या पुड्या खाऊन खाऊन त्यांचं तोंड आक्रसत गेलं. आधी तीन बोटांचं दोनवर आलं, मग चमचा जाईल एवढं राहिलं. शेवटी त्यांना 'कबड्डी' एवढंसुद्धा म्हणता येत नव्हतं. भाऊ रोज कामावरून सुटले की आधी त्यांच्याकडे जाऊन वाटीने पेज पाजायचे.

आणि तरीही भाऊ स्वतः खायचे. पुडी नाही, पण तंबाखू, चुना आणि वर कातरलेली सुपारी. त्यांच्या खिशात चंची असे आणि चंचीत चुन्याची पत्र्याची डबी. "ही जुनी खोड हाय," म्हणायचे. "घोड्याची पुडी येगली."

घोडा म्हणजे एका कंपनीचं चिन्ह. पुडीवर सोनेरी घोडा. आमच्या भागातल्या प्रत्येक टपरीवर अशा घोड्यांच्या माळा लटकायच्या.

२००६ च्या फेब्रुवारीत आम्ही खारबावच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोहोचलो. मुलींचा संघ, मी कर्णधार. वय एकवीस. त्याआधीच्या वर्षी एक स्थळ चालून आलं होतं आणि घरात सगळ्यांना ते पसंत होतं. भाऊंनी त्या लोकांना होळीपर्यंत थांबायला सांगितलं. तोवर खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली तर ठीक, नाही तर लग्न. होळीला महिना राहिला होता. त्या सामन्याला एका बँकेच्या संघाच्या प्रशिक्षक बाई येणार होत्या आणि त्या मलाच बघायला येणार होत्या.

आमच्याकडे स्वतःचे टी-शर्ट नव्हते. आम्ही मुलांच्या संघाचे मागून खेळायचो. माझा धाकटा भाऊ प्रितेश त्या संघात होता, आणि त्या दिवशी मुलं ते टी-शर्ट घेऊन दुसऱ्या स्पर्धेला गेली होती. दामूशेठ म्हणाले होते, काळजी नको, अंतिम फेरीला दोन्ही संघांना नवे मिळणार. दामूशेठ मंडळाचे अध्यक्ष. एकेकाळी भाऊंच्याच संघात कोपऱ्यात उभे राहायचे. आता त्यांची गोदामं होती.

दुपारी चारचा सामना. साडेतीनला शाळेच्या वर्गात आम्हाला खोकं मिळालं. मेघालीने ते फोडून वरचा टी-शर्ट उचलून धरला. डाळिंबी रंग, पातळ जाळीचं कापड, पाठीवर नंबर. छातीवर पळता सोनेरी घोडा.

"अय्या, टपरीच अंगावर घालायची," मेघाली म्हणाली.

कुणीतरी हसलं. मी हसले नाही, कारण दारात भाऊ उभे होते. त्यांनी टी-शर्ट हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि घडी घालून परत खोक्यात ठेवला. कपड्याची घडी ते फार नीट घालायचे.

"मी ह्यो घालून पोरी खेलवनार न्हाय," ते म्हणाले.

बातमी स्टेजपर्यंत जायला दोन मिनिटंही लागली नाहीत. दामूशेठ आले. त्यांच्यामागे कंपनीचा माणूस, विशी-पंचविशीचा, गळ्यात ओळखपत्र, घामाने भिजलेला.

"नामा, काय तमाशा लावलास?" दामूशेठ म्हणाले. "समोरच्या पोरी घालून उभ्या हायत. त्यांना काय झालं न्हाय."

"त्यांचं ते बघतील."

"काका," कंपनीचा माणूस म्हणाला, "बस आधा घंटा. फोटो निकलने दो, फिर उतार देना. मैं भी नौकरी करता हूँ, काका."

"तुझ्यावर राग न्हाय, बाला," भाऊ त्याला म्हणाले, आणि ते खरं होतं. "पन ह्या पोरी कबड्डी कबड्डी बोलत जानार आन् छातीवर कोन? ज्यानं नवशाचं तोंड बंद केलं तो?"

मी भाऊंना बाजूला घेतलं. "भाऊ, तीस मिनिटांचा सामना आहे. बाई येऊन बसल्यात. मी पाहिलं त्यांना."

"मना म्हाईत हाय."

"मग?"

"तू कर्नधार हायस. तुमी घालायचा ठरवलात तर घाला, मी आडवनार न्हाय. पन मी बाकावर बसनार न्हाय. तिकडं लोकांत बसन."

हे मला अडवण्यापेक्षा वाईट वाटलं. त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं, तर मला निदान त्यांच्यावर चिडता आलं असतं.

दामूशेठना मात्र संताप आला. वर्गाच्या खिडक्यांशी आता गर्दी झाली होती, आणि माणूस गर्दीसमोर बोलायला लागला की थांबत नाही. "बघा रं, सुधारक बघा!" ते म्हणाले. "सोताच्या खिशात चंची आन् लोकांना ग्यान. पोरांच्या तोंडात बोटं घालतोस न्हवं? आज तुझी घाल. घाल तीन बोटं, सगल्यांसमोर. गेली तर मी घोडा काढतो."

लोक हसले. मला वाटलं, भाऊ आता बोटं घालतील आणि विषय संपेल. इतकी वर्षं दुसऱ्यांची तोंडं तपासणाऱ्या माणसाची तीन बोटं जाणार नाहीत, हे माझ्या मनातही आलं नाही.

भाऊंनी टोपी काढली. हात धोतराला पुसला. आ केला.

दोन बोटं गेली. तिसरं त्यांनी लावून पाहिलं. दातांशी अडलं. त्यांनी जोर केला नाही. हात खाली घेतला आणि म्हणाले, "दोनच जातात. म्हनून तर सांगतो, दामू."

दामूशेठ खाली बघायला लागले. ते भाऊंचे शत्रू नव्हते. त्यांना एवढंच हवं होतं की सामना वेळेवर सुरू व्हावा.

मला त्या क्षणी आमचं जेवण आठवलं. गेलं वर्षभर भाऊ तांदळाची भाकरी आमटीत बुडवून, पार मऊ करून खात होते. आई जवळ्याला तिखट घालायची तेव्हा म्हणायचे, "जाल कमी कर गं," आणि आई म्हणायची, "म्हातारपनी नखरं सुचतात." आम्ही हसायचो. मी पुस्तकं वाचणारी मुलगी. घरात नजर तीक्ष्ण म्हणून माझं कौतुक व्हायचं. आणि मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होते.

मी खोक्यातून सात नंबरचा टी-शर्ट काढला, उलटा केला आणि अंगावर चढवला. शिवण बाहेर, घोडा आत. कापड इतकं पातळ की तो अंधुक दिसतच होता.

"घोडा उलटा पलतोय गं," मेघाली म्हणाली, आणि तिनेही आपला उलटा केला. मग सगळ्यांनी.

कंपनीच्या माणसाने कपाळाला हात लावला. दामूशेठ घड्याळ बघत बाहेर पडले. अडवलं ते पंचांनी. "नंबर कुठाय? पाठीवर नंबर दिसल्याशिवाय मैदानात घेणार नाही. पाच मिनिटं आहेत तुमच्याकडे."

शाळेत खडू शोधला. रविवार, कपाटाला कुलूप. रेषा आखायची फक्की कापडावर टिकेना, झटकली की उडून जायची. भाऊंनी चंचीतून डबी काढली आणि मेघालीच्या हातावर ठेवली. तिने काडेपेटीची काडी चुन्यात बुडवून माझ्या पाठीवर मोठा सात काढला. पांढरा, ओला, लांबून दिसणारा. पंचांनी मान हलवली.

दोन पाठींत डबी संपली. तेव्हा खिडकीतून एक हात आत आला, त्यात एक डबी. "ही घ्या." मग दुसरी. एका म्हाताऱ्याने प्लॅस्टिकची दिली, शेजारच्या कमळमावशीने कमरेची पिशवी सोडून तिच्यातली दिली. "सगल्या मैदानाची तलफ तुमच्या पाठीवर चाललीय, पोरींनो," ती म्हणाली. "जिंकून या."

चुना जास्त झाला की तोंड भाजतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. पण पाठीचा विचार एकालाही सुचला नाही, भाऊंनाही नाही.

पहिल्या दहा मिनिटांत आम्ही सहा गुणांनी पुढे होतो. भाऊ बाकावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. मग घाम फुटला. चुना भिजून जाळीतून आत उतरला आणि पाठ चुरचुरायला लागली. मध्यंतराला मेघाली म्हणाली, "माज्या पाठीला मुंग्या चावतात काय गं?" आम्ही पाणी ओतून घेतलं. त्याने ते आणखी पसरलं. दुसऱ्या डावात मी दोन पकडी सोडल्या. पडताना पाठ मातीला लागायची आणि डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. आम्ही तीन गुणांनी हरलो.

बँकेच्या बाई जाताना माझ्यापाशी थांबल्या. "हात चांगला आहे तुझा," म्हणाल्या. "पण दुसऱ्या डावात तू अंग चोरत होतीस. मोठ्या सामन्यात ते चालत नाही."

मी मान डोलावली. कारण सांगता आलं असतं, पण ते मला भाऊंची तक्रार केल्यासारखं वाटलं. बाईंनी समोरच्या संघातली मुलगी घेतली. चांगली खेळाडू होती ती.

घरी आईने पाठ पाहिली आणि भाऊंना शिव्या घातल्या. सात नंबर लालभडक उमटला होता. ती खोबरेल लावत असताना भाऊ दाराबाहेर उभे होते.

"लय झोंबतंय का गं?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"न्हाय," मी म्हणाले.

"राग हाय?"

"न्हाय."

दोन्ही उत्तरं खोटी होती. त्या संध्याकाळी त्यांनी तंबाखू खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी नवी डबी आणली. हे मी लिहिते आहे, कारण आता लोक त्यांच्याबद्दल सांगताना हे वगळतात.

होळी आली तेव्हा भाऊ त्या स्थळाच्या घरी एकटे गेले आणि नाही सांगून आले. आईला म्हणाले, "नोकरी तिची मी घालवली. लगीन तिच्यावर कशाला लादू?" मी पुढे शिकले, शेलारच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाले. वाईट झालं असं नाही. पण रस्त्यात त्या बँकेची पाटी दिसली की पाठीत काहीतरी चुरचुरायचं, आणि त्या दिवशी मी भाऊंशी थोडं कमी बोलायचे. त्यांना ते कळत असणार. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मग विचारण्याएवढं तोंड उघडेनासं झालं. शेवटचे चार महिने मी त्यांना वाटीने पेज पाजली.

ते गेल्या महिन्यात गेले. दहाव्याला आम्ही खाडीवर होतो. पिंड ठेवून बराच वेळ झाला, कावळे समोरच्या झाडावर बसून होते, एकही खाली येईना. सगळ्यांनी हात जोडून काय काय कबूल केलं. धाकट्या बहिणीचं, उन्नतीचं लगीन लावू. आईला सांभाळू. कावळा हलेना.

"त्याची तलफ राहिली असंल," पंढरीकाका म्हणाले. ते भाऊंचे मोठे भाऊ. "तंबाखू ठेवा जरा."

चंची आईने केव्हाच चुलीत घातली होती. कुणाकडेच तंबाखू निघेना. मग प्रितेशने खिशात हात घातला आणि एक पुडी काढून पिंडाशेजारी ठेवली. उन्हात सोनेरी घोडा चमकला.

"ते न्हाय," मी म्हणाले.

"अगं, मेल्या मान्साला काय बाधतंय?" पंढरीकाका म्हणाले.

"त्यांच्यासाठी नाही म्हणत, काका." मी पुडी उचलली. ती आधीच फाडलेली होती, अर्धी रिकामी. मी प्रितेशकडे पाहिलं. सव्वीस वर्षांचा, मुंडण केलेला, भाऊंसारखाच रुंद खांद्यांचा. "कधीपासून?"

"आता हे हितं कशाला, ताई?"

"आ कर."

तो हसला. मग आजूबाजूला पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. पंढरीकाकांनीही मान वळवली नाही.

"भाऊंनी घेतलं होतं तुला संघात," मी म्हणाले. "तेव्हा गेली होती ना तीन? आ कर."

त्याने आ केला. दोन बोटं गेली. तिसरं त्याने लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, जोर केला, आणि मग हात खाली न घेता तसाच माझ्याकडे बघत राहिला, लहानपणी मैदानावर खरचटून घेतल्यावर बघायचा तसा.

"उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं," मी म्हणाले. "मी येते बरोबर."

त्याने मान हलवली. मागे कुणीतरी "शिवला, शिवला" असं म्हणालं. मी वळून पाहिलं नाही.