तीन मिनिटं

काम शेजारच्या देशात जाणार, हे सांगताना साहेबांनी 'शेजार' हा शब्द इतक्या लाडाने उच्चारला, जणू भिंतीपलीकडून कुणी वाटीभर साखर मागायला येणार होतं. विमानाने दोन तास, घड्याळ एकच, भाषा जवळपास आपलीच, पगार मात्र निम्मा. ही शेवटची गोष्ट त्यांनी 'किफायतशीर' अशा गोंडस शब्दात गुंडाळली. त्यांचं सगळंच बोलणं असं, म्हणून तक्रार कक्षात त्यांच्या माघारी त्यांना 'लोणी' म्हणत. अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा कक्ष लिफ्टच्या कंपनीचा. शहरात कुठल्याही इमारतीत लिफ्ट अडकली आणि आतल्या माणसाने लाल बटण दाबलं, की फोन इथे वाजायचा. सहा टेबलं, सहा माणसं. त्यात अक्का सगळ्यात जुनी, एकोणीस वर्षं इथेच. पत्ता विचारायचा, मेकॅनिक धाडायचा, संगणकावर तक्रार बंद करायची, कागदावर काम एवढंच. खरं काम त्यापुढे सुरू व्हायचं. मेकॅनिक पोचून दार उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही. बोलत राहायचं. मुलं किती, भाजी काय आणली, सासू कशी आहे, काहीही. अक्का नवी होती तेव्हा कुणीतरी फोन ठेवून दिला होता, आणि आतल्या माणसाने घाबरून दार फाकवून दोन मजल्यांच्या मधूनच उडी मारली होती. त्याचा पाय कायमचा गेला. तेव्हापासून हा नियम, कुठेही न लिहिलेला.

पुढे वरून हुकूम आला. तक्रारीमागे तीन मिनिटं, त्याहून जास्त लागली तर लाल शेरा. आता तीन मिनिटांत कुठला मेकॅनिक पोचतो? पण घड्याळ तक्रारीला लावलेलं होतं, फोनला नाही. मग सहाही जणांनी शक्कल काढली. मेकॅनिकला निरोप धाडला, की लगेच तक्रार बंद करून टाकायची आणि फोन तसाच चालू ठेवायचा. साहेबही खूश, अडकलेला माणूसही जिवंत. चहाच्या वेळी यावर किती हसले होते सगळे! कशी जिरवली म्हणून.

"तिकडे एकेक जण दिवसाला शंभर फोन घेणार म्हणे," अक्का बैठकीत उभीच राहिली. "कसं शक्य आहे? एकेका फोनला अर्धा-अर्धा तास जातो, साहेब."

लोणीने संगणक तिच्याकडे वळवला. "अर्धा तास? ही तुमचीच नोंद आहे, मॅडम. सरासरी दोन मिनिटं पन्नास सेकंद. इतकं आटोपशीर काम आहे, म्हणून तर बाहेर पाठवायला हेच निवडलं आम्ही."

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता सगळ्यांनी, तोही रोज, नेमाने.

घरी आल्यावर तिने भांडी अशी आपटली की नवरा बसची ड्यूटी संपवून जरा आडवा झाला होता तो उठून आला. सगळं ऐकून म्हणाला, "मग खरं काय ते सांगून टाक."

"सांगितलं तर खोट्या नोंदी केल्या म्हणून आजच्या आज हाकलतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"महिन्याभराने हाकलतील."

"मग गप्प राहून तुझं काय वाचतंय?"

दुसऱ्या दिवशी पाचही जणांना विचारून, त्यांनी मान डोलावल्यावर, ती लोणीच्या खोलीत गेली आणि सगळं ओकून मोकळी झाली. शक्कल, अर्धा-अर्धा तास, तो पाय गेलेला माणूस.

लोणी शांतपणे ऐकत होता. मग उठून त्याने दार लावून घेतलं. "हे मी ऐकलं नाही असं समजतो," तो म्हणाला. "ऐकलं असतं तर तुमच्यावर कारवाई करावी लागली असती. आणि मला वर सांगावं लागलं असतं, की आमचा सगळा हिशोब चुकलाय. दोन्ही कशाला करायचं?"

अक्काला वाटलं, टेबलावरचा पेपरवेट उचलावा आणि त्या गुळगुळीत कपाळावर हाणावा. हाणला नाही, याचा राग तिला पुढे कित्येक दिवस येत राहिला.

मग चाचणीचा आठवडा आला. फोन पलीकडच्या देशात वाजायचे, अक्काने इथून फक्त ऐकायचं, बोलायचं नाही. तिच्या वाट्याला आली एक तरुण मुलगी. आवाज गोड, हेल जरा वेगळा. तिच्या हातात कंपनीचं छापील पुस्तक होतं. 'फोन ठेवू नये' हे अक्काने त्यात घालायला सांगितलं होतं, लोणीने त्यावर काट मारली होती.

पहिलाच फोन एका म्हातारीचा. एकटीच, श्वास लागलेला. मुलीने पत्ता घेतला, मेकॅनिक धाडला, तक्रार नोंदवली. अक्का डोळे मिटून फोन कट होण्याची वाट बघत बसली. आता ठेवेल, आता ठेवेल.

"आजी, आत बसायला जागा आहे का?" मुलगी म्हणाली. "खाली बसा बरं. पिशवीत काय काय आणलंत, सांगा मला."

पस्तीस मिनिटं. म्हातारी नातवंडांवरून गुडघ्यांवर आली, गुडघ्यांवरून सुनेवर, आणि शेवटी दार उघडल्याचा आवाज आला. अक्काचे डोळे भरून आले होते. नियम मोडून तिने बोलण्याचं बटण दाबलं.

"पोरी, हे तुला कुणी शिकवलं? पुस्तकात तर नाही."

"शिकवायचं काय त्यात, ताई? घाबरलेल्या माणसाचा फोन कोण ठेवतं?"

"अगं, पण पस्तीस मिनिटं झाली. तुला बोलतील."

"छे!" मुलगी हसली. तिचा आवाज एकदम बारीक, खोडकर झाला. "कुणाला सांगू नका हं. मेकॅनिक निघाला तेव्हाच मी तक्रार बंद करून टाकली. नोंद तीन मिनिटांचीच आहे."

"नको!" अक्का इतक्या जोरात ओरडली की पाचही टेबलांवरच्या माना वळल्या. "खोडून टाक ती नोंद! पस्तीस लिही! आत्ताच्या आत्ता पस्तीस लिही!"

"पस्तीस लिहिली तर पहिल्याच दिवशी मला काढतील, ताई," मुलगी चाचरत म्हणाली. "तुम्ही काय लिहायचात?"

अक्काला खूप काही बोलायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या. तिला नाही, पण द्यायला दुसरं कुणी फोनवर नव्हतं.

"तीन," ती म्हणाली. "हुकूम आला तेव्हापासून रोज तीनच लिहिली. म्हणून तर आज तू तिथे बसलीयेस."