बांधीतले खेकडे

आमच्या मास्तरचा, म्हणजे माह्या नवऱ्याचा, जिंदगीभर एकच धडा होता. कुहीकडच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण जिथं बसतील तिथं तोच. गवत उन्हावर वाढते, टोळ गवत खाते, बेडूक टोळाले खाते, बेडकाले साप, सापाले ससाणा. अन् दर पायरीवर वरच्याले फक्त दहावा हिस्सा पोचते, बाकी सगळं चालण्याफिरण्यात अन् अंगाच्या गरमीत उडून जाते. म्हणून खाली गवत रगड अन् वर ससाणे मोजके. लग्नाच्या पंगतीतही हेच. मी म्हणायची, "बस करा न बाप्पा, लोक जेवून राहिले!"

रिटायर झाल्यावर तं मटण-मच्छीच सोडली. खालच्या पायरीवर जेवलं तं अन्न वाया जात नाई म्हणे. कोंबडीच्या पोटात किती दाणा फुकट जाते, ते पाव्हण्याले सांगत बसायचे, तेही पाव्हण्याच्या ताटात कोंबडी असताना. मी अन् माझी पोरगी श्वेता मात्र खात राहिलो.

श्वेता आमची एकुलती एक. हिंगण्याले दिली, जवाई जितेंद्र तिथंच कारखान्यात. लग्नाले सात वर्षं झाली तवा कुठं दिवस राहिले. सातव्या महिन्यात मी तिले माहेरी आणली. पोरगी पांढरीफटक पडली होती, डॉक्टरीण म्हणे रक्त कमी आहे, चांगलंचुंगलं खाऊ घाला. आमच्याकडं अशा बाईले बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वावरातल्या, खेकड्याचा रस्सा देतात. माझ्या मायनं मले दिला होता, मी माह्या पोरीले देणार नाई काय?

अन् नेमका त्याच आठवड्यात धानावर खोडकिडा आला. मास्तरनं बांधीत दाणेदार औषध टाकलं. गड्याले सांगितलं. बाजूच्या बळीरामले सांगितलं, "तुझे बैल इकडं सोडू नको गा." मले नाई सांगितलं. काहून? तं बांधी त्याइची अन् चूल माझी. आमच्या घरात हे असंच चालत आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी टोपली घेऊन बांधीत गेली. एरवी खेकडा धरायचा म्हणजे बिळात कोपरापर्यंत हात घाला अन् बोटं फोडून घ्या. त्या दिवशी खेकडे बिळाबाहेरच होते. बोट लावलं तरी नांगी उघडत नव्हते. अर्ध्या घंट्यात टोपली भरली. इतका आनंद झाला मले, काय सांगू! वाटलं, देवानंच पोरीसाठी काढून ठेवले.

नांग्या पाट्यावर कुटल्या, फडक्यानं गाळल्या, लसूण-जिरं घालून रस्सा केला. मास्तर आपलं वरण-भात आधीच जेवून ओसरीवर गेले, चुलीवर काय शिजते ते त्याइनं पायलं नाई. श्वेताले मी वाटीभर रस्सा वाढला. ती म्हणे, "अजून दे वं माय, तुझ्या हातचं किती दिवसानं खाऊन राहिली." मी दुसरी वाटी दिली. मी स्वतः काय, गंजाच्या बुडाले लागलेलं भाताशी पुसून खाल्लं. माय कधी पोटभर खाते काय? माझ्या वाट्याले आला तो दहावा हिस्साच म्हणा.

दोनच्या आत पोरीच्या तोंडाले लाळ लागली. घामानं गाऊन चिंब भिजला, डोळ्यातल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या. मले नुसत्या उलट्या होत्या. बळीरामनं गाडी काढली, रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेली. डॉक्टरनं विचारलं, "काय खाल्लं? शेतात काही मारलं होतं का?" मी मास्तरकडं पायलं. ते भिंतीले टेकले अन् म्हणाले, "दाणे." बत्तीस वर्षं बोलणाऱ्या माणसाले त्या दिवशी एकच शब्द सुचला.

पोरगी वाचली. पोटातली नाई वाचली. मुलगी होती.

जितेंद्र ड्युटीच्या कपड्यातच धावत आला होता. आठ दिवसानं श्वेताले हिंगण्याले घेऊन गेला, अन् तवापासून ती माहेरी आली नाई. फोन केला तं "बरी आहे" म्हणते अन् ठेवते.

मी मास्तरले सोडलं नाई. उठता-बसता बोलते. "गावच्या पोराइले शिकवलं, कोण कोणाले खाते ते, अन् घरच्या बाईले एक गोष्ट सांगाले जीभ झडली होती काय?" ते ऐकून घेतात. एकदाच म्हणाले, "गोपिका, वर जाता जाता ताकद कमी होते हेच मी शिकवलं वं. जहर कमी होत नाई, हे कधी शिकवलंच नाई."

"आता शिकवा मंग!" मी म्हटलं. "बसवा पोरं ओसरीवर. लिहा फळ्यावर. धान, खेकडा, श्वेता, अन् तिच्या वर कोण होतं तेही लिहा."

ते उठून आत गेले. धान त्या साली चांगलं झालं. मी त्यातला एक दाणा शिजवला नाई.

गावात सगळे त्याइलेच दोष देतात. बायाही मलेच जवळ घेतात, "तुले बिचारीले काय माहीत!" म्हणतात. मी रडते अन् मान हलवते.

पण खेकडे धरले त्या सकाळी बांधीच्या कडेले, धुऱ्यावर, एक बगळा मरून पडला होता. पांढराशुभ्र, ताजा, चोच चिखलात रुतलेली, अन् चोचीजवळ अर्धा खेकडा. मी पायला. चांगली उभी राहून पायला. कोण कोणाले खाते, तो धडा मले मास्तरपेक्षा जास्त पाठ होता, बत्तीस वर्षं ऐकला होता न मी. मनात आलंही, हा काहून मेला असन बाप्पा? पण खेकडे असे हातात येऊन राहिले होते, अन् पोरगी घरी उपाशी वाट पाहत होती. मी पायानं त्याले बाजूले सारलं अन् त्याच्या पंखाखाली बसलेला खेकडा उचलून टोपलीत टाकला.

हे मी मास्तरले सांगितलं नाई. आजही सकाळी चहा देताना मी त्याइले बोलली, अन् त्याइनं मान खाली घालून ऐकून घेतलं.