विहिरीवरच्या बाईचं पोलकं

माझं नाव अफसाना. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात जीपा लागतात तिथं माझं शिलाईचं दुकान हाय. ही बाई फाटक्या तोंडाची, असं अख्खं गाव म्हणतं. म्हणू दे. कपडे शिवायला परत माझ्याकडंच येतात.

पिक्चरचं येड मला लागलं ते गंगूताईंमुळं. गंगूताई सेनगावला कचेरीत कारकून व्हत्या, आता रिटायर झाल्या. त्यांचा शौनक पुण्याला नोकरीला. आईला करमावं म्हणून त्यानं मोठा टीव्ही आणून दिला आन् त्यात ते पिक्चरवालं ॲप घालून दिलं. पन गंगूताईंना एकटीनं बघायची सवय न्हाई. मग ऐतवारी दुपारी त्यांच्या बैठकीत आमी चौघं जमतो. गंगूताई, मी, शेतातली कामं उरकून आलेली कमलबाई, आन् हिंगोलीची जीप चालवणारा नासेर.

सोमवारी माझ्या दुकानात निकाल लागतो. मशीनवर एक बशी असते. पिक्चर आवडला तर पांढरं बटन टाकायचं, न्हाई आवडला तर काळं. एक पितळी बटनबी हाय, ते फकस्त माझ्या हातात. लईच भारी पिक्चर असंल तरच बशीत पडंल, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. दोन वर्षं झाली, अजून पडलं न्हाई.

आमच्यात भांडनं लई होतात. कारन ज्याची नजर जिथं, त्याला तेच दिसतं. हिरो मरून राहिला तरी नासेर म्हणतो, घाटात ह्या गेरवर गाडी चढतच न्हाई. गंगूताई कोर्टातल्या कागदावर शिक्का कुठं मारला ते बघतात. आन् मी शिवन बघते. हिरॉईन रडत असली की मला तिच्या खांद्यावर शिवनीत पडलेली चुन दिसते.

मागच्या महिन्यात एक पिक्चर लागला. पन्नास वर्षांमागचं गाव, पाटलाचा जुलूम, वगैरे वगैरे. अर्ध्या घंट्यात कमलबाई उठून टीव्हीजवळ गेली. पाटलाच्या मागं हिरवंगार सोयाबीन डोलत व्हतं. ती म्हणाली, माझा सासरा मेला तवर त्यानं सोयाबीन डोळ्यानं बघितलं न्हाई, ह्या पाटलाला बी कुनी दिलं? आमी पोट धरून हसलो. ह्या पिक्चरला चार काळी बटनं पडनार हे तिथंच ठरलं.

आन् मग ती विहीर आली.

एक बाई पाणी शेंदून राहिली व्हती. मोठी नटी न्हाई, आपली मागंपुढं फिरनारी बाई. तिनं दोर वढायला हात वर केला आन् बगलेत हिरवा तुकडा दिसला. लाल पोलक्याला हिरवा, चौकोनी, कोन वर करून लावलेला. मी म्हटलं, थांबवा. गंगूताईंनी थांबवलं. मी म्हटलं, मागं घ्या. त्यांनी मागं घेतलं. असं पाच येळा झालं तवा नासेर वैतागला, आन् कमलबाई म्हणाली, तुला ती बाई आवडली का विहीर? मी उठून टीव्हीजवळ गेले आन् त्या तुकड्यावर बोट ठेवलं. तिघंबी माझ्याकडं बघत राहिले.

तो तुकडा माझ्या आईचा हाय. बाकीचे शिलाईवाले बगलेत तुकडा लावलाच तर त्याच कापडाचा लावतात, सरळ लावतात. आई म्हणायची, जिथं जोर पडतो तिथं धुतलेलं जुनं कापड लाव. नवं आटतं आन् फाटतं. मग घरातल्या जुन्या कापडाचा चौकोन कापून ती कोन वर करून बसवायची. हे आईनं मला शिकवलं. मी एकाच पोरीला शिकवलं, अजराला.

अजरा माझ्या बहिनीची लेक, मला खाला म्हणायची. बहीन वारली तवा ती नऊ वर्षांची. मीच वाढवली, मीच मशीनवर बसवली. तिचा हात असा साफ, की सोळाव्या वर्षी तिनं बसवलेली बाही कोनती आन् माझी कोनती हे मलाच वळखू येईना. पन चांगलं शिवलं असं मी तिला एकदाबी म्हटलं न्हाई. तारीफ केली की शागीर्द बिघडतो, असं आईच म्हणायची. आईचं तेबी मी बराबर धरून ठेवलं.

सहा वर्षांमागं मिराबाईच्या लेकीच्या लग्नाचं रेशमी पोलकं आलं. कापड मोजकंच. त्या दिवशी मी चष्मा घरी इसरले, कात्री तशीच चालवली आन् दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच कापल्या. अजरानं जोडायला घेतल्या, टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या आन् माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात मिराबाई आली, संगं लग्नघरच्या पाच-सात बाया. माझी जीभ माझ्या आधी धावली. मी सगळ्यांपुढं म्हटलं, ह्या पोरीनं नास केला, हिच्या हातात कात्री दिली हीच माझी चूक. अजरानं गळ्यातला टेप काढून तिच्या मशीनवर ठेवला, घरून पिशवी भरून आनली आन् हिंगोलीच्या जीपमधी जाऊन बसली. ती जीप नासेरचीच व्हती.

ती नांदेडला तिच्या फुफूकडं, बापाच्या बहिनीकडं गेली. वर्षानं फुफू म्हणाली, मुंबईला गेली. त्याच्या पुढं फोन लागंना. मी गावात सांगितलं, गेली तर गेली, माझं काय अडलंय? सांगायला काय जातंय. सांजची जीप थांबली की माझी मान आपोआप वर होते, सहा वर्षं झाली तरी. ती कुठं हाय, शिवते का कुनाच्या घरी भांडी घासते, बरी हाय का न्हाई, काहीच ठावं न्हाई.

म्हणून मला एवढंच बघायचं व्हतं, की ते पोलकं शिवलं कुनी.

पिक्चर संपला. मी म्हटलं, आता नावं येतील ती वाचा. नावं सुरू झाली न झाली, तोच टीव्हीनं ती कोपऱ्यात ढकलली आन् पाच, चार, तीन करत दुसरा पिक्चर चालू केला. मला असा संताप आला. ज्यांनी कामं केली त्यांची नावं वाचायलाबी सवड देत न्हाई मेलं. पुन्यांदा लावलं. नासेरनं रिमोट दाबला, तर आवाज वाढला. तिसऱ्या येळी गंगूताईंनी बराबर बटन धरलं आन् बारीक इंग्रजी अक्षरं पडदाभर झाली. त्या चष्मा सावरून एक-एक नाव वाचत गेल्या. वाजवनारे, जेवन देनारे, घोडे पुरवनारे. मग कपडेवाले आले. टेलर म्हणून तीन मास्टरांची नावं. बाईचं एकबी न्हाई.

मला हे आधीच कळायला पायजे व्हतं. मास्टरच्या हाताखालच्या बायांची नावं कोन लिहितो? माझ्या दुकानाच्या पाटीवर तरी अजराचं नाव कुठं व्हतं?

सोमवारी बशीत तीन काळी बटनं पडली. मी टाकलंच न्हाई. सांजच्याला गंगूताई एकट्याच दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या. मी इकडचं-तिकडचं इचारत बसले, मुंबईत पिक्चरचे कपडे कुठं शिवतात, तुमच्या शौनकची तिकडं वळख हाय का. त्या ऐकत राहिल्या आन् मग म्हणाल्या, "अफसाना, ताकाला येऊन भांडं काहून लपवता?"

मग मी सगळं सांगितलं. तुकडा सांगितला, अजरा सांगितली. बाह्या न्हाई सांगितल्या. त्यांना आख्ख्या गावासारखं एवढंच ठाऊक, की पोरीनं बाह्या नासल्या आन् रागावून गेली.

गंगूताईंनी फोन काढला. फोनवर एक ग्रुप हाय म्हणे, 'काय बघितलं?' नावाचा. घरात बसून पिक्चर बघनारी मराठी मानसं तिथं आपलं मत टाकतात, स्टार देतात, एकमेकांशी भांडतात. आमच्या बशीसारखंच, फकस्त बशी लई मोठी. ह्या पिक्चरवर तीनशे मतं पडली व्हती. कुनी गाणी वाखाणली, कुनी हिरोला शिव्या दिल्या. पोलक्यावर एक शब्द न्हाई. गंगूताई म्हणाल्या, तुमी बोला, मी लिहिते. ज्यांनी पिक्चर केला ते लोकबी वाचतात म्हणे.

मी बोलले. पिक्चरला एक स्टार. सोयाबीनचं लिहा, कमलबाईच्या नावानं. विहिरीवरच्या बाईच्या पोलक्याचा तिसरा हुक ढिला हाय. बगलेतला तुकडा कुनी लावला ते कळवा. गंगूताईंनी लिहिलं, वाचून दाखवलं आन् फोन मांडीवर ठेवला.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

एवढंच वाचून ती कशाला बोलंल? मीच तिच्या जागी असते तर बोलले नसते. आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही माझी जलमाची खोड. दोन वर्षं जगाच्या पिक्चरांच्या शिवनी उसवल्या, आन् माझ्या दोन डाव्या बाह्या माझ्याच पोटात.

मी इचारलं, ह्या ग्रुपात मानसं किती? गंगूताई म्हणाल्या, साठ हजार. मी मनात हिशोब केला. अजराला बोलले तवा दुकानात पाच-सात बाया व्हत्या. मग वाटलं, हेच बराबर हाय. सहा वर्षांचं व्याज वाढून एवढं होनारच.

"लिहा," मी म्हटलं. "हा तुकडा माझ्या आईचा हाय. तो मी एकाच पोरीला शिकवला. तिनं मिराबाईच्या घरच्या लग्नाचं पोलकं नासलं असं मी सगळ्यांपुढं म्हटलं व्हतं. ते खोटं हाय. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या त्या मी. पोरीचा हात माझ्यापेक्षा साफ हाय, तवाबी व्हता. पोलक्याला पाच स्टार. अफसाना, गोरेगाव, तालुका सेनगाव."

गंगूताईंचं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् लिहून टाकलं. मला तर रडूच फुटलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी मशीन जोरात चालवली.

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. एकानं लिहिलं, मावशी, पिक्चर बघा, बगल काय बघता. शंभर जन हसले. एका बाईनं लिहिलं, माझ्या आजीच्या चोळीलाबी असाच तुकडा व्हता, पन सरळ. कुनी ते मत उचलून दुसऱ्या ग्रुपात टाकलं, तिथनं तिसऱ्या. गावातबी पसरलं. मिराबाई दुकानापुढं येऊन उभी राहिली आन् म्हणाली, सहा वर्षं मी त्या लेकराला नावं ठेवली ना गं. मी म्हटलं, मला ठेव आता. ती ठेवून गेली. बरं वाटलं.

पन जिनं बोलायचं ती बोलंना. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. नासेर जीपमधनं उतरला की नुसती मान हलवून इचारायचा आन् मी नुसती मान हलवून न्हाई म्हणायची. मग मला वाटायला लागलं, आईचा तुकडा आनखी कुनाच्या आईचाबी असंल. जगात तुकड्याचा कोन वर करनारी माझी आई एकटीच का व्हती?

चौथ्या दिवशी दुपारी गंगूताई आल्या. भर उन्हात चालत, फोन पुढं धरून. दारातनंच म्हणाल्या, बसा. मी बसलेलीच व्हते. त्यांनी वाचलं.

"खाला, आमच्या कारखान्यात मास्टरनं तुमचं मत सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचून दाखवलं. चाळीस मशिनी थांबल्या. बाह्या तुमी कापल्या हे मला तवाच माहीत व्हतं. तुमी कधी बोलता, एवढंच बघायचं व्हतं. तुकडा मीच लावलाय, नानीच्या दुपट्ट्याचा. पन तिसऱ्या हुकाचं खोटं हाय. हुक पक्का व्हता, त्या बाईनं दोर वढून-वढून ढिला केला. अजरा."

नानीचा दुपट्टा. आई गेल्यावर तो हिरवा दुपट्टा घरात कुठंच सापडला न्हवता, मी सगळ्या पेट्या उलथ्या केल्या व्हत्या. पोरीनं बराबर नेला व्हता.

नासेर, कमलबाई कवा येऊन उभी राहिली मला कळलं न्हाई. सगळी माझ्या तोंडाकडं बघून राहिली व्हती. मी डोळे पुसले, मशीनच्या खनातनं पितळी बटन काढलं आन् बशीत टाकलं. कमलबाई म्हणाली, अगं, त्या सोयाबीनच्या पिक्चरला? मी तिला गप बस म्हटलं.

गंगूताईंनी बोट फोनवर धरलं आन् इचारलं, काय लिहू?

तोंडाशी लई आलं व्हतं. ये म्हणायचं व्हतं, बाई, ये. पन माझं तोंड ते माझंच तोंड.

"लिहा," मी म्हटलं. "बाईनं दोर वढला तर हुक ढिला व्हईलच कसा? टाकाच कमी घातला असंल. न्हाई म्हणत असशील तर पोलकं घेऊन ये, इथं माझ्यापुढं ठेव, बघू दे मला."

गंगूताईंनी लिहून पाठवलं. पान्याचा तांब्या तोंडाला लावते न लावते तोच फोन वाजला. त्यांनी वाचलं.

"ह्या येळी चष्मा इसरू नका. ऐतवारच्या जीपनं येते."

नासेर म्हणाला, ऐतवारी तो पिक्चरला येनार न्हाई, हिंगोलीला सकाळपासूनच गाडी लावून बसनार हाय. मी मशीनवरून उठले आन् अजराच्या मशीनवर सहा वर्षं झाकलेलं कापड काढलं. तिचा टेप तिथंच व्हता.