बाजूची नाव

उकंडरावानं सुतळीचं टोक दातात धरलं, गुडघा तराफ्यावर रोवला आणि गाठ अशी आवळली, की गोणीतला थर्माकोल करकरला.

"फाटन ना बे ते," मागून आवाज आला. "रजई हाय का, टाके घालून राह्यला?"

"रजई तुह्या हातची. हे माह्या हातचं हाय, बुडत नाही."

गुलाम रसूल उतारावरून सावकाश खाली आला. खांद्यावर बांबूची काठी, गळ्यात ट्रकची फुगवलेली ट्यूब आणि दाढीत नेहमीप्रमाणे रुईचे तंतू. दुसरबीडला रस्त्यालगत त्याचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. दिवसभर रुई पिंजणारा माणूस कितीही झटकला तरी पांढराच दिसायचा. त्याला पोहता येत नव्हतं. उभ्या तालुक्यात पोहता न येता धरणात नाव घालणारा तो एकटाच असावा, आणि नेमका तोच आपल्या वाट्याला यावा, याचं उकंडरावाला दरवर्षी या दिवशी नव्यानं वाईट वाटायचं.

आज मात्र त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी पुढच्या वर्षीच्या जोड्या पुकारतील तेव्हा स्पष्ट सांगायचं. मैत्री मैत्रीच्या जागी, गळ गळाच्या जागी.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी खडकपूर्णेच्या धरणावर गळाची स्पर्धा भरायची. दुसरबीडचा क्लब, मेहकरचा, जालन्याचा, आणि काही वर्षांपासून औरंगाबादचाही. औरंगाबादवाल्यांच्या नावा म्हणजे खऱ्या कयाक. पिवळ्या, नारिंगी, लांबट, एका माणसापुरत्या. इकडच्यांनी थर्माकोलच्या लाद्या खताच्या गोण्यांत शिवून, खाली बांबू बांधून आपापल्या कयाक घरीच केल्या होत्या. नाव एका माणसाची हवी आणि वल्ह्यानं चालली पाहिजे, एवढीच अट होती. काठावर बायकापोरं जमायची, चहाची गाडी लागायची, बाभळीखाली डबे उघडायचे. पकडलेला मासा ओल्या जाळीत जिवंत ठेवून आणायचा, काट्यावर तोलायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

आणखी एक नियम होता, तो उकंडरावाच्या मुळावर आला होता. पाण्यात एकट्यानं जायचं नाही. दोन नावांची जोडी, एकमेकांच्या हाकेच्या अंतरात. वजन दोघांचं मिळून, पण दोघांनीही निदान एकेक मासा आणला तरच जोडी मोजणीत. उकंडराव दरवर्षी असे मासे आणायचा, की औरंगाबादवाले फोटो काढून घ्यायचे. गुलाम रसूल दरवर्षी रिकामी जाळी आणायचा. एक बोटभर चिलापी मासासुद्धा त्याच्या गळाला लागू नये, याला नशीब म्हणावं की काय म्हणावं? पहिला क्रमांक पुकारला जायचा तेव्हा उकंडराव लोकांबरोबर टाळ्या वाजवायचा. आयुष्यात एकदा तरी भोंग्यावरून आपलं नाव ऐकावं, बायकोनं, अन्नपूर्णेनं, ते ऐकावं, एवढीच त्याची हौस होती. कापसानं काही ती पुरवली नव्हती.

दोनच आठवड्यांपूर्वी क्लब चालवणारा लोणारचा सागर त्याला म्हणाला होता, "काका, मेहकरचे हिंमतराव जोडीदार शोधतायत. तुम्ही दोघं एकत्र आलात तर कोणी जवळ येत नाही. फक्त हो म्हणा."

बाभळीखाली अन्नपूर्णाबाई आणि गुलाम रसूलची बायको बानो सतरंजी अंथरत होत्या. उकंडराव पाणी प्यायला गेला तेव्हा बानोनं तांब्या पुढे केला.

"यंदा तरी लागन का भाभी, रसूलभाईच्या गळाले काही?"

"नकोच लागू द्या, भाऊ. शेजारी मासा तळला तरी हे बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. वासच सहन नाही होत यांले."

"मंग येते कशाले हा?"

बानोनं सतरंजीची सुरकुती हातानं सरळ केली. "ते तुमीच इचारा त्याहिले," ती म्हणाली आणि डब्यांकडे वळली.

शिट्टी झाली तशा नावा पाण्यात लोटल्या गेल्या. उकंडराव आपल्या जागेवर जाऊन थांबला. मागोमाग वल्हं वेडंवाकडं मारत, स्वतःभोवती एक गिरकी घेत गुलाम रसूल आला, आणि काठीची दोरी पाण्यात सोडताच त्याचं तोंड सुरू झालं. पोराला, जाकीरला, जालन्यात कारखान्यात काम लागलं. बानोच्या गुडघ्याला तेल लावून फरक नाही. लग्नसराईच्या गाद्यांना आता लोक फोम मागतात, रुईला कोणी विचारत नाही.

"हळू बोल ना बे. मासे पळून राह्यले."

"माशाले काय समजते मराठी?"

"तुहं ऐकून ऐकून शिकले असतीन."

गुलाम रसूल हसला आणि थोडा वेळ गप्प बसला. तेवढा वेळ उकंडरावाला फार बरा गेला. मग पुन्हा "अन् काऊन रे," करून गडी सुरू.

ऊन चढलं तेव्हा उकंडरावाच्या काठीला हिसका बसला. नाव फिरली. कटलाच होता, आणि लहान नव्हता. त्यानं दोरी सैल सोडली, पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. मासा खाली बुडी मारून सरळ गुलाम रसूलच्या नावेखालून गेला, परत फिरला, आणि दोघांच्या दोऱ्या एकमेकींत गुंतल्या. गुलाम रसूलची नाव डुलली. त्यानं काठी मांडीखाली दाबली आणि डोळे मिटून दोन्ही हातांनी ट्यूब घट्ट धरली.

"हलू नको," उकंडराव म्हणाला. "म्या पाहातो."

मासा जाळीत घेईपर्यंत त्याचे हात भरून आले. मग तो गुंता सोडवायला बसला. रसूलची दोरी हातात धरून त्यानं ओढत ओढत वर आणली. शेवटी गळ येईल म्हणून बोट जपून धरलं होतं.

गळ आलाच नाही. दोरीच्या टोकाला एक लोखंडी नट होता. बस.

तुटला असेल, असं आधी त्याला वाटलं. पण दोरी तुटलेली नव्हती. नटातून दोनदा ओवून तिला गाठ मारली होती. गादीच्या टाक्याला मारतात ती, आत दडणारी, सहजी न सुटणारी. गाठ जुनी होती. तिच्यावर शेवाळ चढून ती हिरवी पडली होती, आणि नटाच्या गंजानं दोरीत तांबडा डाग मुरला होता. या दोरीला गळ कधी लागलेलाच नव्हता.

उकंडरावानं मान वर केली. गुलाम रसूलचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"सुटलं का बे?"

"थांब."

बऱ्याच वर्षांमागे कापसाचं बीटी बियाणं आलं, तेव्हा पहिली काही सालं झाडं बोंडांनी वाकली होती. माणसं एकमेकांच्या शेतात जाऊन कापूस बघायची. मग लाल्या रोग आला. पानं लाल पडून गळाली, बोंडं उमललीच नाहीत. पुढच्या साली पुन्हा तेच. त्याच हिवाळ्यात, बांधाला बांध लागून असलेला नारायणराव फवारणीचं औषध पिऊन गेला. उकंडरावानं हाती आलेला थोडका कापूस विकला नाही. सरकी काढून रुई डोक्यावर घेतली आणि गुलाम रसूलच्या दुकानात नेऊन टाकली.

"दोन रजया भर. एक अन्नपूर्णेची, एक पोरीची, प्रतीक्षाची. चांगली दाबून भर. बरीच सालं टिकली पाह्यजे."

"अन् तुही?"

"मले काय करायची."

एवढंच बोलणं झालं होतं. त्या दिवसांत उकंडराव रोज संध्याकाळी तराफा घेऊन धरणात जायचा आणि अंधार पडेपर्यंत खोल पाण्यावर बसून राहायचा. कधी गळ टाकायचा, कधी नाही. कशाला जातोस, असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. रुई दिली त्याच संध्याकाळी तो काठावर पोचला, तर गुलाम रसूल कुठून तरी ट्यूब मिळवून तिथं उभा होता.

"मलेही शिकव बे, मासे धरनं."

"तुले पोहता येते का?"

"तू हायस ना."

मग तो रोजच येऊ लागला. दुकान लवकर बंद करून, सायकल मारत. उकंडराव मनातून वैतागायचा. बाजूच्या नावेतला माणूस बुडू नये म्हणून त्याला सारखं लक्ष ठेवावं लागायचं, दिवस असताना काठाला परत आणावं लागायचं. पुढे सागरनं धरणावर येणाऱ्यांना जमवून क्लब काढला. पहिल्याच बैठकीत गुलाम रसूल उठून म्हणाला होता, "एक नियम करा, पान्यात एकट्यानं जायाचं नाही." गादीवाला पाण्याचे नियम सांगतो म्हणून सगळे हसले होते. सगळ्यांत मोठ्यानं उकंडराव हसला होता.

नट हातात धरून तो बसून राहिला. जाळीत कटला शेपटी आपटत होता, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. ज्याला माशाचा वास सोसत नाही, ज्याला पाण्याची एवढी भीती, तो माणूस इतकी सालं या लोखंडाच्या तुकड्याकडे बघत आपल्या शेजारी बसला. लोकांचं हसू सोसलं, आपली बोलणी सोसली. त्याला वाटलं, आत्ता या माणसाचे पाय धरावेत. आणि वाटलं, एक सणसणीत शिवी द्यावी. दोन्ही राहून गेलं.

त्यानं नट आवाज न करता पाण्यात सोडला.

"सुटलं," तो म्हणाला. "उघड डोये."

"तुहा मासा तं नाही गेला ना माह्यापायी?"

"नाही. हाय."

"मंग ठीक." गुलाम रसूलनं काठी पुन्हा हातात घेतली आणि पाण्याकडे मोठ्या गंभीरपणे पाहिलं. "मघा वाटलं, माह्यालेही काही लागलं."

"लागन," उकंडराव म्हणाला. "बोल तू. जाकीरचं काय सांगत होता?"

गुलाम रसूलनं त्याच्याकडे जरा चमकून पाहिलं. मग जाकीरचं सांगायला लागला, आणि काठावर परतेपर्यंत उकंडरावानं त्याला एकदाही थांबवलं नाही.

काट्यावर कटला ठेवला तेव्हा गर्दीतून आवाज उठला. त्या दिवशीचा तोच सगळ्यांत मोठा मासा होता. सागरनं मोठ्या आशेनं गुलाम रसूलच्या जाळीकडे पाहिलं. गुलाम रसूलनं जाळी उलटी करून दाखवली. लोक हसले. सागरनं सुस्कारा सोडला.

"जोडी बाद, काका. आता पुढच्या वर्षीचं सांगा." त्यानं भोंगा तोंडाजवळ नेला. पलीकडे हिंमतराव तयारीतच उभे होते.

उकंडरावानं तोंड उघडायच्या आत गुलाम रसूलच बोलला. "हिंमतरावासंग लाव त्याले, सागर. मले मालूम हाय सारं. लई सालं मी त्याच्या पायात अडकून राह्यलो. आता जाऊ दे त्याले मोठ्या लोकायसंग." तो थांबला. ट्यूबवरचं पाणी त्यानं हातानं पुसलं. "आता काही भेव नाही."

पाण्याचं भय गेलं असं म्हणतोय, असं सागरला वाटलं असावं. त्यानं मान डोलावली. अन्नपूर्णाबाई मागे पदर सावरून उभी होती, नवऱ्याचं नाव ऐकायला.

"गुलाम रसूल," उकंडराव म्हणाला.

"म्हणजे?"

"जोडी. उकंडराव अन् गुलाम रसूल. तेच सांग भोंग्यात."

"काका, मोजणीत येणार नाही हो तुम्ही. यांना तर मासा..."

"नाही आलो तं नाही आलो."

सागरनं खांदे उडवले आणि भोंग्यातून दोन्ही नावं पुकारली. धरणावर ती दूरवर गेली. अन्नपूर्णाबाईनं ती ऐकली.

उकंडरावानं कटला दोन्ही हातांनी उचलून गुलाम रसूलपुढे धरला. "सोड तू."

"मी?"

"मंग कोन? जोडीदार हायस ना."

गुलाम रसूलनं नाक एकीकडे वळवलं, मासा हात लांब करून घेतला आणि लगबगीनं पाण्याकडे गेला. गुडघाभर पाण्यात वाकून त्यानं तो सोडला. मग बराच वेळ वाळूनं हात घासत बसला. बाभळीखाली बानो तोंडाला ओढणी लावून हसत होती.

निघताना दोघांनी तराफे टेम्पोत चढवले. ऊन उतरलं होतं, वारा गार झाला होता. उकंडराव सुतळी गुंडाळत म्हणाला, "सोमवारी दुकान उघडं हाय का तुहं?"

"हाव. काऊन?"

"रुई आनतो. एक रजई भरायची हाय."

"कोनाची? प्रतीक्षाची?"

"माही."

गुलाम रसूल ट्यूबमधली हवा सोडत होता. त्याचं बोट तोटीवरच थांबलं, आणि ट्यूबचा आवाज बंद झाला. उकंडरावाकडे न बघता त्यानं दाढीवरून ओला हात फिरवला.

"आन," तो म्हणाला. "चांगली दाबून भरतो. बरीच सालं टिकन."