रिक्षा जाते तिथलं साहस

मुलुंडच्या त्या सोसायटीत गणपतीत मुलांची साहसकथा स्पर्धा असते. मुलांची म्हणायची आपली. लिहितात आया, आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं. दीप्तीला यंदा पहिलं बक्षीस हवं म्हणजे हवंच होतं. गेल्या वर्षी बी विंगच्या रुचिरानं ते आपल्या मुलाच्या, सम्यकच्या नावावर लाटलं, आणि वर लिफ्टमध्ये म्हणाली, "अगं, मी बघितलंसुद्धा नाही, त्याचा तोच लिहितो." काय थाप मारावी माणसानं!

फॉर्मवर तीन रकाने होते: नायक कोण, त्याचे गुण कोणते, गोष्ट कुठे घडते.

"माझ्या गोष्टीतली मुलगी जोगेश्वरीच्या गुंफेत हरवते," नऊ वर्षांची श्रुतिका आईला म्हणाली. "वटवाघळं बघून जाम घाबरते."

"हिरो कधी घाबरतात का गं? आणि जोगेश्वरी? तिथे रिक्षा जाते! रिक्षा जाते तिथे कसलं डोंबलाचं साहस?"

झालं. गुंफेची वाट लागली आणि गोष्ट थेट स्कॉटलंडच्या किल्ल्यात गेली. स्कॉटलंड दीप्तीनं पाहिलं होतं ते टूरवाल्यांच्या कॅलेंडरवर. गुणांच्या रकान्यात तिनं ठासून भरलं: निर्भय, चाणाक्ष, प्राण गेला तरी खोटं न बोलणारी. श्रुतिकानं फक्त ते चांगल्या अक्षरात उतरवून काढायचं.

परीक्षक होत्या रत्नप्रभाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. चौदा गोष्टींत अकरा किल्ले, आणि नायक चौदाच्या चौदा निर्भय! निकाल लावायचा कसा, कपाळ? शेवटी बाईंनी मुलांना एकेक करून माइकसमोर बोलावलं. श्रुतिका पहिलीच.

"तुझी नायिका आत्ता तुझ्या जागी असती, तर तिनं काय केलं असतं?"

दीप्ती खुर्चीतून ओठ हलवत होती: तलवार, तलवार.

श्रुतिकानं माइक दोन्ही हातांनी धरला. "ती खोटं बोलत नाही ना, म्हणून तिनं सांगितलं असतं, की ही गोष्ट आईनं लिहिलीय."

दीप्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रुचिरा तोंडाला पदर लावून खुदखुदत होती, तेवढ्यात बाईंनी पुकारलं, "आता सम्यक." पदर खाली आला. हसू कुठे गेलं कोण जाणे.

श्रुतिका येऊन शेजारी बसली. "घरी चल, बघतेच तुला," म्हणत दीप्तीनं तिचा हात खस्सकन ओढला. हात गार पडला होता.

"जाम घाबरले होते गं आई," श्रुतिका पुटपुटली. "तुझ्या त्या मुलीला काहीच वाटलं नसतं ना?"

दीप्तीनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तिला काय वाटतंय! खोटी आहे मेली," ती म्हणाली. "तुझी ती गुंफेतली... ती बाहेर येते ना गं?"