बॉयलरशेजारची हिरवी पेटी

"तळघरात काय आहे, ते घराबाहेर बोलायचं नाही." क्रेमरांच्या घरात हा नियम मुलं चालायला लागली की शिकवला जातो. का, असं विचारायचं नाही. विचारलंच, तर म्हातारा वेंडल क्रेमर म्हणतो, "मी सांगतोय म्हणून."

मी मात्र बोलतेय. मी हिरव्या रंगाची पोलादी पेटी. माझ्या झाकणाखाली रबराची पट्टी आहे, आणि कडी अशी घट्ट बसते की मला पाण्यात बुडवलं तरी आत थेंब शिरत नाही. मला फौजेसाठी बनवलं होतं. काडतुसं घेऊन मी जहाजातून लांब गेले, रिकामी होऊन परतले, आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या बाजारात ढिगाऱ्यात पडून राहिले.

तिथून वेंडलने दोन पेट्या उचलल्या. एक मी. दुसरी त्याने शेजारच्या ऑर्व्हलला दिली. "घे लेका, अशी मजबूत वस्तू आता मिळत नाही," असं म्हणून त्याने माझ्या झाकणावर एक गुद्दा मारला.

या डोंगरातल्या गावांत हरणाच्या शिकारीचा मोसम म्हणजे सण. शाळासुद्धा बंद ठेवतात. थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजलेली टर्की संपायच्या आत पुरुष तळघरात उतरतात. उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या वर्षभर जपलेल्या असतात. त्यांच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून बंदुकीची दारू भरायची, वर गोळी दाबायची. वेंडलचं माप फार कडक. दारूचा एक कण जास्त पडला तरी ओतून पुन्हा तोलतो. पण काम संपलं की दारूचे डबे आणि टोप्यांची खोकी, सगळं एकत्र माझ्या पोटात कोंबतो, कडी आवळतो आणि मला घर तापवणाऱ्या बॉयलरला टेकवून ठेवतो. का, तर तिथं कोरडं राहतं!

मला ओरडावंसं वाटायचं. अरे, दारू पातळ लाकडी कपाटात पेटली, तर फळी उडते, ज्वाळेला वाट मिळते, आणि ती भडकून जळून जाते. माझ्यात वाटच नाही. मी आतला दाब धरून ठेवते, धरून ठेवते, आणि एका क्षणी फुटते. मी जितकी मजबूत, तितकी वाईट फुटते.

माझ्या जोडीच्या पेटीचं तेच झालं. एका हिवाळ्यात ऑर्व्हलच्या धुराड्याने पेट घेतला. आमच्याकडे बंबवाले म्हणजे गावातलीच माणसं, बिनपगारी. नळी घेऊन सर्वांत पुढे होता क्लेटन, वेंडलचा एकुलता एक मुलगा. तळघराच्या जिन्याशी थांबून त्याने ओरडून विचारलं, "खाली काही आहे का?" ऑर्व्हल रस्त्यावर सपाता घालून उभा होता. तो म्हणाला, "काही नाही, जुनं सामान."

मी इकडे तळघरात होते. मला फक्त धमाका ऐकू आला. फळीवरच्या पुंगळ्या खणखणल्या आणि मग सगळं शांत झालं.

क्लेटनची शवपेटी बंबावरून नेली. लोकांनी घरी भाजलेलं डुकराचं मांस आणि बटाट्याचे ट्रे आणून दिले. आठवडा उलटायच्या आत दोन्ही म्हातारे पुन्हा खाली येऊन बसले.

"पेटीच खोटी निघाली," ऑर्व्हल म्हणाला.

"हो. नाहीतर असं होत नाही," वेंडल म्हणाला.

खोटी? तिने अगदी शेवटपर्यंत धरलं होतं! माणसांचं हे मला कळत नाही. मुलगा पुरून येतात, पण पेटी जागची हलवत नाहीत.

वाचणाऱ्यांनो, माझ्यात खिळे ठेवा, दोऱ्या ठेवा, बर्फात भिजू नयेत म्हणून मोजे ठेवा. मी जन्मभर सांभाळीन. दारू तेवढी ठेवू नका.

हे ऐकल्यासारखी एकच मुलगी वागली. मार्ली, क्लेटनची लेक. कॉलेजात शिकते, आणि सुट्टीत बंबावर जाते. या रविवारी ती खाली आली, माझी कडी उघडली आणि डबे बाहेर काढू लागली. दोन्ही म्हातारे कॉफी पीत बसले होते.

"काय चाललंय?" वेंडलने विचारलं.

"दारू वरच्या थंड खोलीत नेतेय, आजोबा. पातळ फळ्यांचं कपाट केलंय, त्याला कुलूप आहे. टोप्या वेगळ्या, दुसऱ्या खोलीत."

ऑर्व्हल हसला. "पातळ फळ्या! वेंडल, उद्या तुझी नात बिस्किटांचा पुडा आणेल."

"पुडा परवडला, ऑर्व्हल आजोबा. तो जळून जातो, कुणाचा जीव घेत नाही."

"चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवतेस?" वेंडल गुरकावला. "तुझा बाप पाळण्यात होता तेव्हापासून पुंगळ्या भरतोय मी."

"त्यांना पुरलंत, तेव्हाही भरतच होतात."

"तोंड सांभाळ, मार्ली!"

"आणि हो, मी बंबवाल्यांना सांगून आलेय. आपल्या घरात काय आहे, किती आहे, कुठे ठेवलंय, सगळं."

वेंडलच्या हातातला कप खाली आला. "घरातलं बाहेर बोललीस? सगळं परत भर. कडी लाव. आणि उद्या जाऊन सांग, थट्टा केली म्हणून."

"नाही."

"मी सांगतोय!"

"नाही, आजोबा. आता जिन्याच्या तोंडाशी पप्पांच्या जागी मी उभी असते. 'खाली काही आहे का,' असं मी विचारलं, तर तुम्ही दोघं मला काय सांगणार आहात?"

वेंडल कपाकडे बघत राहिला. मी जमिनीवर उघडी पडले होते. मार्लीने डबे छातीशी धरले आणि जिना चढू लागली.